चाळीसचा टायर

माझ्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल लिहायची माझी लायकी आहे का, हे मला माहीत नाही. मारेगावचे देवरावकाका टायरचे पंक्चर काढतात. ते दुकानात बसून बोलले, मी उतरवून घेतलं. चुकलं असेल ते माझं, त्याची आधीच माफी मागतो.

माहा जन्म उमरखेडकडचा, बाबू. बाप सायकलीचे पंक्चर काढे, म्या ट्रॅक्टरचे काढतो, एवढीच आमच्या घराची तरक्की. तीस वर्षं झाले हवा भरून राह्यलो, पण काय सांगू तुले, हवेतलं कोणाले काही समजत नाही आन् समजून घ्यावं असंही वाटत नाही. लोक येतेत, टायरले लाथ मारतेत, म्हणतेत टणक हाय, चालते. अरे, लाथ मारून टायर समजते काय? टायरवर लिहून असते सारं, वजन किती, हवा किती, आन् एक अक्षर असते ते वेगाचं. आपल्या ट्रॉलीच्या टायरवर ए आठ असते, म्हंजे तासाले चाळीस, त्याच्या वर नाही. पण वाचते कोण? यायले वाटते टायर गोल हाय, म्हंजे कितीही पळते.

आता माहा जवाई. जवायाले आपल्याकडं काही बोलता येत नाही, तो रुसला तं पोरीचं माहेर बंद. यंदा उन्हाळ्यात त्याच्या चुलतभावाचं लग्न राजूरले होतं. ट्रॅक्टर हळू चालते म्हणून यानं वऱ्हाडाची ट्रॉली पिकअपच्या मांगं जोडली. सकाळी टायर थंडे असतानी म्या हवा मोजून भरून देल्ली, म्हटलं जवाईबुवा, टायर चाळीसचे हायेत, तुमचा पिकअप सत्तरनं पळते, दमानं घ्या. तो हासला. म्हणे मामाजी, वरात हाय, मयत नाही.

आन् माह्यासमोर त्यानं दोन्ही चाकाची हवा सोडली. वऱ्हाड बसवाचं म्हटलं का आमच्या इकडं हवा सोडतेतच, बायायले धक्के लागू नये म्हणून. गादी समजतेत टायरले! हवा कमी झाली का टायर दुमडते, दुमडला का तापते, तापला का आतली हवा फुगते, मंग तो टणक लागते, आन् हे दीडशहाणे म्हणतेत हवा जास्त झाली, आणखीन सोडा. माही पोरगी संगीता त्याच ट्रॉलीत बसली होती. आन् म्या, तीस वर्षांचा उस्ताद, हवा मोजाचं मीटर हातात धरून गप उभा. थू माह्या उस्तादीवर.

दिवसभर पोरीले फोन लागेना. चहावाला म्हणे काका, रेंज नसन. मले शिकवते! गिऱ्हाइकं आले, म्या वापस लावले.

चार वाजता संगीताचा फोन आला. म्हणे बाबा, जळक्या रबराचा वास आला, म्या गाडी थांबवाले लावली, टायरवर हात ठेववेना. हे म्हणे हवा जास्त झाली, सोडतो. म्या साऱ्या बायापोरायले खाली उतरवलं, म्हटलं पायी जाऊ, लोक हासले. हे रागानं रिकामी ट्रॉली घेऊन निघाले, आन् नाल्याच्या अलीकडंच टायर फुटला, ट्रॉली रस्त्याच्या खाली पलटली.

म्या म्हटलं, जवाई?

म्हणे यायले खरचटलंही नाही, मांडवात तोंड फुगवून बसले हायेत, जेवत नाहीत.

म्या म्हटलं राहू दे उपाशी. तू जेवली काय, बाई?