पालथी टाकलेली पानं

मंचरच्या स्टँडवर साळुबाईनं नवऱ्याला दिसू नयेत म्हणून त्याचे रिपोर्ट पिशवीच्या तळाला सारले आणि वर त्याच्यासाठी कधी नव्हे तो घेतलेला जिलबीचा पुडा ठेवला. मागच्या बाकावर दोन म्हातारे बोलत होते.

"दवाखान्यात चिंचोक्यांवर तीन पत्ती खेळलो. शेवटाला मी आन् धाकला सोपान, दोघंच उरलो."

"भागुजी, तुझ्याकडं काय आलं व्हतं?"

"तीन राजं."

"मंग शो मागायचा."

"मागणारच व्हतो. पर त्याचं तोंड बघितलं आन् पानं पालथी टाकली. म्हनलं, जिंकू दे."

"खूश झाला आसंल."

"त्यानं माझी पानं उलटून बघितली. म्हनला, दादा, जन्मात कधी मला जिंकू दिलं न्हाईस. डाक्टर काय म्हनला, सांग."

लोणीची गाडी लागली. साळुबाईनं जिलबीचा पुडा बाकावरच ठेवला आणि ती उठली.