मामानं हलायचं न्हाय

हॅलो? … हॅलो, कोण? … आक्का व्हय. थांबा हं, गॅस बारीक करते, शिट्टीत काय ऐकू येईना… हां. बोला आता.

न्हाय, हे न्हाईत घरात. तळ्यावर गेल्यात फिरायला. … मोबाईल इथंच हाय की, चार्जिंगला. … न्हाय हो, मी कशाला लपवून ठीवू त्यांचा फोन? … आक्का. आक्का, ऐका तर…

व्हय, परवा लगीन हाय, म्हाईत हाय की मला. … विसरंन कशी? स्वप्नाली ह्यांची भाची असंल, पर बारकी असताना न्हाऊ-माखू मी बी घातलंय तिला.

… येणार की. दोघंबी येणार. … व्हय, म्हणालं हुतं ते तसं. "नवरीच्या मागं उभं राहायला सम्राटला सांगा" म्हणालं. मी शेजारीच हुते. … आता काय सांगू आक्का. सम्राट बी मामाच की तिचा, चुलत का असंना… न्हाय, न्हाय, तसं न्हाय म्हणायचं मला. सख्खा मामा समोर बसलाय आणि मागं चुलत मामा उभा, हे बरं दिसत न्हाय. कळतंय मला.

… कामच हाय हो. दूध संस्थेत ऑडिट लागलंय. … लग्नादिवशी रविवार हाय? … व्हय. रविवार हाय खरा.

… केळवण, व्हय, ते बी राहिलंच. … दोनदा पुढं ढकललं, बरोबर हाय तुमचं. पयल्यांदा माझी कंबर धरली म्हणून, आणि मग… हां, मग पावणं आलतं. … न्हाय, बोला तुम्ही. बोला, मन मोकळं करा.

… मी? मी तोडतीया तुमचं माहेर? … कोण म्हणालं असं? … बनाबाई आत्ती म्हणाल्या. आणि तुम्हाला पटलं. … न्हाय, तुमच्या सासूबाई हैत, त्यांना मी काय म्हणू. बरं, मीच वाईट. विश्वजितला बायकोनं मुठीत ठेवलाय. चालंल मला.

… रडू नका. आक्का, लगीनघरात रडत्यात काय. … व्हय. दाजी असतं तर तुम्हाला एवढं विनवावं लागलं नसतं. … असं म्हणू नका हो. पोरीला बाप न्हाय म्हणून मामानं पाठ फिरवली, हे ह्यांच्या कानावर गेलं तर… न्हाय. ऐका माझं. आक्का, ऐका की.

… सांगते. खरं सांगते. पर मी सांगितलं हे ह्यांना कळू द्यायचं न्हाय. माझ्या गळ्याची शप्पत घातलीया त्यांनी मला. … व्हय, तुम्हालाच सांगायचं न्हाय म्हणून.

ऑडिट न्हाय. माझी कंबर बी धरली नव्हती. ह्यांचं पोट हाय.

… न्हाय, न्हाय, कॅन्सर-बिन्सर काय न्हाय. … मूळव्याध बी न्हाय. आयबीएस म्हणत्यात त्याला. … आय, बी, एस. … कलेक्टरचं न्हवं हो, ते आयएएस.

आतड्याचं दुखणं हाय. आतडं दिसायला चांगलं हाय, वागायला न्हाय. दुर्बीण घातली, सोनोग्राफी केली, रक्त-बिक्त सगळं तपासलं. सगळं नॉर्मल. … तेच की. मी बी तेच म्हटलं. रिपोर्ट नॉर्मल तर तुम्हाला झालंय काय, मनाचं खेळ हैत सगळं. वर्षभर असंच बोलत हुते मी त्यांना. येताजाता. मग डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं तवा तोंड बंद झालं. … म्हणालं, डोकं आणि आतडं एकमेकाशी बोलत असत्यात, ह्यांच्यात जरा जोरात बोलत्यात. ताण आला की कळ, आणि कळ आली की जायाचंच, तिथल्या तिथं. … जिवाला धोका न्हाय. पर पुरतं बरं बी होत न्हाय, संभाळून राहायचं.

… काय काय म्हणजे, सगळंच. कुठं जायाचं म्हटलं की पयलं बघणार, संडास कुठं हाय. ओळखीची दुकानं ठरल्यात त्यांची, मधनंच शिरता येईल अशी. … मटण? मटण सोडा आक्का, कांदा-लसूण चटणी बंद हाय त्यांना. … व्हय, कोल्हापुरात राहून. त्यांच्या भाजीला निस्तं जिरं, हळद. दूध संस्थेत नोकरी आणि घरात चहा कोरा. ज्वारीची भाकरी, मऊ भात, दोडका, गाजर. रातच्याला इसबगोल. सकाळ-सांज तळ्याला फेरी. … बरं पडत हुतं की. चांगलं बरं पडलं हुतं. मग स्वप्नालीचा साखरपुडा आला.

… तुम्हाला वाटलं भाऊ रुसून गेला. सगळ्यांनाच वाटलं. पान-सुपारीला मामा कुठं, मामा कुठं, आणि मामा न्हाईच. … आक्का, त्यांच्या ताटात तांबडा रस्सा माझ्यामुळं पडला. ते नको म्हणत हुतं. नवरदेवाकडचं "घ्या की पावणं" म्हणत वाटी धरून उभं, आणि मी बाजूनं कोपर मारलं. म्हटलं घ्या गप, चारचौघांत नाटकं नकोत. … माझ्याकडं बघितलं एकदा. आणि प्यालं.

… येताना गाडी थांबवली मधनंच. एका घरात विचारायला गेलं. … पोचलं न्हाईत आक्का. दारातच झालं. … व्हय. … घरात एक म्हातारी हुती. तिनं काय विचारलं न्हाई, पाणी काढून दिलं, लेकाची लुंगी दिली. गाडीत बसल्यावर हे रडलं. एवढा मोठा माणूस. आणि मी खिडकीतनं बाहेर बघत बसले. हात तरी धरायचा त्यांचा, ते बी न्हाय.

तवापासनं धास्ती घेतलीया. मला म्हणालं, एकदा अंतरपाट धरला की मामानं हलायचं न्हाय. आणि मधनंच पळालो तर? पोरीच्या लग्नाच्या व्हिडिओत जन्मभर मामा पळतानाच दिसंल. … हसा, हसा. मला बी आलतं हसू पयल्यांदा.

… नको कुठलं? त्यांना उभं राहायचं न्हाय असं वाटतंय तुम्हाला? … आक्का, रोज सांजचं मोबाईलवर मंगलाष्टका लावत्यात. हॉलमध्ये पुढ्यात खुर्ची ठेवत्यात, नवरी म्हणून. आणि तिच्या मागं उभं राहत्यात. … व्हय, फेटा बांधून. … देवाशपथ. काल सगळ्या मंगलाष्टका झाल्या, शेवटपतोर उभं राहिलं. अक्षता बी टाकल्या खुर्चीवर, घरातलंच तांदूळ. माझ्याकडं बघून म्हणालं, जमलं गं. आणि तेवढं म्हणस्तोवर पोटात कळ आली. … संडासातनं बाहेर आलं आणि तुम्हाला फोन केला, सम्राटला सांगा म्हणून. …

आक्का? … हॅलो? … कोण हसलं ते? … तिथं कोण हाय तुमच्याजवळ? … हे काय वाजतंय किणकिण… बांगड्या? … आज बांगड्या भरायच्या हुत्या व्हय. … कासारानं हात धरलाय तुमचा. मग फोन कुणी धरलाय? … पाटावर ठेवलाय.

स्पीकरवर? … मघापासनं?

… कोण कोण हाय तिथं? … न्हाय, नको, नावं सांगू नका. … कासारानं बी ऐकलं म्हणजे. … काय केलंसा वो हे आक्का. … न्हाय, तुमचं काय चुकलं, हात गुतलेलं तुमचं. मीच बोलत सुटले. जवळ कोण हाय, एकदा विचारायला पायजे हुतं मी. ज्या माणसानं एवढं जपलं, त्याचं लुंगीपतोर सगळं मी मांडवात सांगून बसले.

… हां, बोला बनाबाई आत्ती. … व्हय आत्ती, ओवा दिलाय. … हिंग बी लावलाय बेंबीला. … आवळा झाला, डाळिंबाची साल बी झाली. … न्हाय हो, बाहेरचं कुणी काय केलेलं न्हाय. … बरं. बरं, उतरवून टाकते दृष्ट. द्या आक्कांकडं फोन.

… कोण? स्वप्नाली? … बाळ, तू बी तिथंच. नवरीनं कशाला ऐकायचं गं हे. … आत आलीस व्हय. स्पीकर बंद हाय न्हवं? नक्की?

… न्हाय गं, तुझ्या मागं उभं राहायला नको असं कवा म्हणतील ते… व्हय. ऐकलंस तू सगळं. … कार्यालयात? स्टेजच्या मागं? … नवरीची खोली. हां. … संडास हाय तिच्यात. … स्टेजवरनं थेट दार. … किल्ली मामाकडं द्यायची? … सकाळपासनं. नवरीचं दागिनं हैत म्हणून सांगायचं, दुसऱ्या कुणाला शिरू द्यायचं न्हाय. … आणि मंगलाष्टका दोनच म्हणायला सांगणार. … तुझ्या आत्यांनी स्वतः रचून आणल्यात, त्यांना काय सांगशील? … तू बघतेस. बरं.

… अगं ऐक ना, तरी मधनंच जावं लागलं तर? … तू थांबणार. … अंतरपाट तसाच धरायला लावणार. … बाळ, मुहूर्त असतोय, भटजी वरडतील. … वरडू देत म्हणतीस. … न्हाय, रडत न्हाय मी. … मी आधीच तुला एकटीला बोलले असते तर ह्या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. किल्ली खिशात टाकून राजासारखं फिरलं असतं मामा तुझं.

… थांब. फाटक वाजलं. आलं हे. … सांगू काय त्यांना? सगळ्यांनी ऐकलंय ते? … न्हाय सांगितलं तर मांडवात पाय टाकल्या टाकल्या कुणीतरी ओवा पुढं करील गं. … मीच सांगते. ठेवू नको फोन.

अहो… जावा, जावा, आधी जाऊन या. … न्हाय, काय न्हाय झालं. … आक्कांचा फोन हाय. … मी सांगितलं त्यांना. … पोटाचं. … सगळं. साखरपुड्याचं बी. खुर्चीचं बी. … आणि फोन स्पीकरवर हुता. बाया बांगड्या भरत बसल्या हुत्या, मला म्हाईत नव्हतं. … अहो. … काय तरी बोला. शिव्या द्या, पर बोला.

… हॅलो. हां बाळ. आत गेलं, कडी लावली. … नळाचा बी आवाज न्हाय. … मी काय करून बसले गं.

… व्हय, सांगते. … अहो, स्वप्नाली हाय फोनवर. स्टेजच्या मागं नवरीची खोली हाय म्हणतीया, तिची किल्ली तुमच्याकडंच राहील. मधनं जावं लागलं तर ती थांबंल. अंतरपाट तसाच राहील म्हणतीया. … ऐकताय न्हवं?

… थांब, थांब. आतनं काय तरी म्हणत्यात. … काय? जरा मोठ्यानं बोला. … विचारत्यात, त्या खोलीच्या संडासला आतनं कडी नीट लागती काय. … हाय? … तू बघून आलीस? … अहो, ती बघून आलीया. लागतीया नीट.

… आता फोन मागत्यात. … तुझ्याशी बोलायचंय. माझ्याशी न्हाय म्हणालं. … न्हाय, असू दे, बरोबर हाय त्यांचं. … दार एवढंसं उघडलंय. निस्ता हात बाहेर काढलाय. देते हं. तू बोल त्यांच्याशी सावकाश, मी अंगणात जाऊन उभी राहते. मला काय ऐकू येणार न्हाय म्हणून सांग त्यांना.