उतरायची पाळी

—अगं, उभी का? बस. त्याच्या बहिणीची नात ना तू? सांगायला नको, नाक त्याचंच आहे. लंबू म्हणायचो आम्ही त्याला. विमानात बसला की गुडघे हनुवटीला! पहिल्यांदा जहाजाच्या डेकवर विमान उतरवलं तेव्हा मी हेल्मेटमध्येच ओकलो — आणि धुतलं कोणी? त्यानं. वर म्हणतो, 'घरी नाही सांगत.'

नौदलातली माझी सगळी कारकीर्द हवी तुला? छापलेली आहे गं. तीन विमानं पाडली, पदक मिळालं. ते खरं आहे. पण पुढे लिहिलंय ना, 'जखमी साथीदाराला अखेरपर्यंत सोबत केली' — ते कुठून आलं, सांगू? लंबू गेल्यावर त्याची पेटी घेऊन मी तुमच्या घरी गेलो होतो. त्याच्या आईनं माझे हात धरले, 'तू होतास ना रे त्याच्याजवळ?' काय बोलणार? म्हटलं, 'होतो, काकू.' बरोबरच्या साहेबानं ऐकलं आणि पदकाच्या शिफारशीत घातलं. झालो शूर!

युद्धाचा नववा दिवस. आम्ही दोघं हल्ला करून परतत होतो. त्याच्या टाकीला गोळी लागलेली, इंधन गळतंय, मागे पांढरी रेघ. डेकवर एका वेळी एकच विमान उतरतं. फुटकं विमान तिथं आपटलं तर मागचा वरच लटकतो, म्हणून फुटक्यानं शेवटी उतरायचं. नियमच तसा. पण मागच्याकडे भरपूर इंधन असेल तर फुटक्याला आधी घेतात. जहाजावरून विचारलं, 'किती मिनिटांचं आहे?' लंबू म्हणाला, 'चार.' मी म्हणालो — मीही म्हणालो, चार.

खरं किती होतं? होतं थोडंफार... वीस. वीस मिनिटांचं होतं. झालं?

अशी बघू नकोस. त्यानं डेक मोडला असता तर मी पाण्यात! चोवीस वर्षांचा होतो. तोही चोवीसचाच, हो, माहीत आहे मला. मी उतरलो, झकास उतरलो. वळून बघतो तर मागे कोणी नाही, लंबू समुद्रात गेला होता. माझा मेकॅनिक टाकीत पट्टी घालून किती इंधन उरलंय ते बघत होता. त्यानं पट्टी पुसली, माझ्याकडे पाहिलं. पुढे अकरा वर्षं रोज सलाम ठोकला त्यानं मला, एक शब्द बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नव्या पोरांना उतरायला शिकवा म्हणाले, तर पाठदुखी सांगून टेबलावरचं काम मागून घेतलं. बढत्या येतच राहिल्या.

काय? शेवटचं काय बोलला? आजीनं विचारायला सांगितलंय?

दोघांनी बरोबरच टाक्या भरल्या होत्या गं. माझी टाकी फुटली नव्हती, ते त्याला दिसत होतं. माझं 'चार' त्यानं रेडिओवर ऐकलं. मग म्हणाला, 'चारच का रे?'

एवढंच. चिडला नाही, ओरडला नाही. मी चाकं खाली सोडली.

आता ऊठ. आजीला काय सांगायचं ते तुझं तू ठरव, मला विचारू नकोस. आणि रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड — इथे नाही. जा म्हणतो ना!