तीनदा धुतलेली होडी

वहिनी : होडी गाडीवरून उतरवू नका भावोजी. आधी मी बघते.

दीर : बघा. डोळे दिपतील तुमचे. फक्त लवकर बघा, दहा मिनिटांत शर्यत सुटतेय. घरी आलो की चहा विचारता, इथे तलावावर मात्र चौकशी.

वहिनी : इथे तेच माझं काम आहे. ही कुठल्या पाण्यातून आली?

दीर : कुठल्याच नाही. थेट शेडमधून. दोन वर्षं या हातांनी बांधली, आज पहिल्यांदा पाणी बघेल.

वहिनी : मग दोर ओला कसा?

दीर : घाम फुटला असेल त्याला, तुम्ही बघताय म्हटल्यावर.

वहिनी : भावोजी.

दीर : बरं बाई. चार दिवस पलीकडच्या तलावावर सराव केला. इथे केला असता तर तो न्हावी, शर्यतीतला, काठावर खुर्ची टाकून बघत बसला असता. मागच्या वर्षी मी उलटलो, ते तो अजून गिऱ्हाइकांना रंगवून सांगतो. वस्तरा गळ्याशी असतो, म्हणून तेही बिचारे ऐकून घेतात.

वहिनी : पलीकडे ते परके शिंपले माजलेत. माहीत होतं ना?

दीर : माहीत नसायला काय झालं? तुम्ही दुसरं बोलता काय? दोन दिवसांचं प्रशिक्षण, वर एक पिवळं जाकीट, की झाल्या शास्त्रज्ञ. म्हणून तर काल संध्याकाळी तीनदा धुतली, बुडापासून. एक शिंपला काढून दाखवा, कच्चा चावून खातो.

वहिनी : कुठे धुतली?

दीर : तिथेच, काठावर. तिथली घाण इकडे कशाला आणायची? तुमचेच फलक वाचतो आम्ही.

वहिनी : आणि पाणी कुठलं घेतलंत?

दीर : कुठलं म्हणजे? समोर एवढा तलाव पसरलाय.

वहिनी : अच्छा.

दीर : काय झालं?

वहिनी : काही नाही. शिंपल्यांच्याच पाण्याने शिंपले धुतलेत, तेही तीनदा. न धुता आणली असती तर नुसतं आळशी म्हटलं असतं तुम्हाला.

दीर : पाणी स्वच्छ होतं. तळ दिसत होता.

वहिनी : पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. फळीखाली वाटीभर ओल राहिली तरी त्यांना पुरते. गरम पाण्याने धुऊन देईन मी, पण ते सांध्यांत पोचत नाही. पाच दिवस उन्हात वाळू दे.

दीर : शर्यत आज आहे वहिनी.

वहिनी : हो.

दीर : आणि मी ऐकलं नाही तर? त्या ब्रशने अडवणार मला?

वहिनी : नाही अडवता येणार. ही उतारावरची साखळी, काढा आणि जा. तुमचे दादा मागच्या महिन्यात नोकरीपायी तिथल्या पाणीपुरवठ्याच्या मोठ्या पाइपात उतरले होते, शिंपले खरवडायला. हात असे सोलून निघाले की आठवडाभर मी घास भरवत होते. तुम्ही जेवायला होतात एकदा. म्हणालात, 'काय दादा, नवं लग्न झालंय का?'

दीर : गंमत केली होती.

वहिनी : तेही हसले की. आपल्या गावच्या पाइपात उतरावं लागलं तरी हसतील. दर महिन्याला, निवृत्त होईपर्यंत. त्यांना तुमचं कौतुकच फार.

दीर : एवढ्या हळू आवाजात माणसाला सोलायचं कुठे शिकलात? प्रशिक्षणात?

वहिनी : नाही. तुमच्या घरात.

(धक्क्याच्या टोकाकडून शिट्टी.)

दीर : सुटले.

वहिनी : हं. गाडी मागे घ्या, वर मैदानात. पाण्यापासून लांब उलटी करू. त्या बाजूने धरा.

दीर : तुमच्याने उचलायची नाही.

वहिनी : धरा.

दीर : … वहिनी, मी तिकडे बघणार नाही. तुम्ही सांगा. पुढे कोण आहे?

वहिनी : न्हावी.

दीर : वल्हवतोय कसा?

वहिनी : वल्हवतोय कुठला. नुसतं पाणी ढवळतोय.

दीर : तरी पुढे?

वहिनी : तरी पुढे.