जाड तार आणि मिठाच्या गुळण्या

...आणि वर मलाच विचारतात, "अगं, याचा घसा बसलाय का?" आता सासूबाईंना काय सांगू? घसा नाही हो बसला, मी बसवला!

तुम्हाला सांगते, चूक सगळी माझी, पण सुरुवात गिटारच्या सरांनी केली. गिटारला तारा सहा, सध्याच्या धड्यात मला हव्या असतात चार, पण उरलेल्या दोघी गप्प बसतील तर शपथ! त्यातली ती सगळ्यात वरची, जाड... कुणी विचारो न विचारो, हिचं आपलं घुंऽऽम! सर दाढ दुखल्यासारखे डोळे मिटतात. "हवी ती तार कुणीही वाजवतं, ताई. नको ती आधी गप्प!" आणि गप्प करायची कशी? दाबायची नाही! अंगठ्याचं टोक वरून अलगद टेकवायचं, बस. दाबलीत की ती दुसराच सूर काढते. आता माझा अंगठा एवढासा, गिटारची मान ही रुंद... अंगठा पोचवू की बोटं सांभाळू? पण चिकाटी! भाजी चिरताना सुरीच्या मुठीवर, बसमध्ये दांडीवर, अंगठा आपला टेकतोय. नको ती आधी गप्प!

आणि गेल्या रविवारी जमलं हो! चारच तारा, स्वच्छ, धुऊन वाळत घातल्यासारख्या... आणि तरी मागून घुंऽऽम! अंगठा बघितला, जागेवर. तळवा बघितला, जागेवर. मग हे कोण? नवरा! इस्त्री करता करता गुणगुणतोय, माझ्याच चालीवर, अर्धा सूर खाली, पण इतका खुशीत... आणि मी, लग्न झाल्यापासून जिचा आवाज या घरात कुणी धड ऐकला नाही ती मी, खेकसले, "अरे, गप्प बस ना जरा!"

बसला. "सॉरी, सॉरी, तू वाजव," म्हणाला आणि चुरगळलेले शर्ट तसेच उचलून बाहेर गेला. तेव्हापासून आंघोळीत गाणं नाही, जिन्यात शीळ नाही. नुसतं टेकवायचं होतं, मी दाबलं!

त्यात सासूबाई. "लहानपणापासून हा आंघोळीला गप्प म्हणून नव्हता. घसाच असणार!" आणि तो, माझ्याकडे न बघता, "हो आई, जरा बसलाय." म्हणजे मला वाचवायला हा भला माणूस सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतोय!

शेवटी काल संध्याकाळी गिटार घेतली, अंगठा काढला आणि त्या जाड तारेला मोकळं सोडलं. घुंऽऽम! घुंऽऽम! दारात नवरा.

"अगं, ती गप्प करायची असते ना?"

"एकटीच वाजतेय बिचारी. साथ दे की."

"माझा घसा..."

"तुझा घसा ठणठणीत आहे, मी मूर्ख आहे. गा!"

गायला! अर्धा सूर खाली, पण भिंती हलतील असा! सासूबाई स्वयंपाकघरातून धावत, "बघितलंस? गुळण्यांनी गुण आला!" म्हटलं, आता सांगून टाकावं. "आई, खरं म्हणजे मीच..." तर त्यांनी कोमट पाण्याचा पेलाच माझ्या हातात कोंबला. "तूही कर गं. तुझा तर आवाज लग्नापासूनच बसलाय."

केल्या! तोंडात मिठाचं पाणी, समोर सासूबाई, आत नवरा थांबायचं नाव घेत नाही... कबुली देणार कशी, तुम्हीच सांगा? नको ती आधी गप्प!