बंड्याची गाडी ऑइल खाते

अरे बस आधी, आत्ता काय झालं ते ऐक! आपला बंड्या ती लाल स्पोर्ट्स कार विकून दुबईला निघालाय ना? गाडी लय ऑइल खाते, मागनं निळा धूर नुसता. इंजिनाच्या रिंगाच गेल्यात. तर गिऱ्हाईक यायच्या आधी पठ्ठ्यानं आत दाट ऑइल ओतलं. मला म्हणतो, "चार दिवस धूर दिसत न्हाई बघ. तू फकस्त गप ऱ्हा, गड्या."

गिऱ्हाईक इस्लामपूरचं, आपल्याच वयाचा पोरगा. चक्कर मारून आला, एकदम खूश! "ऑइल खाती काय वं?"

बंड्या म्हणाला, "आवं, वास बी घेत न्हाई!"

तो लाजत म्हणाला, "नवीनच लगीन झालंय. उद्या मंडळीला घिऊन महाबळेश्वरला जातो."

मला तो घाटच दिसायला लागला रे! चढावर ऑइल संपून इंजिन जाम झालं तर? बोलून गेलो, "वाईत थांबून ऑइल बघा हां, घाटाच्या आधी."

त्यानं चावी परत बंड्याच्या हातात ठेवली आणि गाडी न घेताच निघून गेला.

बंड्या शांतपणे म्हणाला, "त्यो तुजा कोण लागत हुता रं? आन् मी?"

सांग ना, माझ्या जागी तू काय केलं असतंस?