पुस्तकाची वाटणी

जेऊरला निघालेली फुलाबाई सोलापूर स्टेशनावर गाडीची वाट बघत बसली होती. पाठीमागच्या बाकावर दोन सख्खे भाऊ बोलत होते. चोरून ऐकायचं तिच्या मनात नव्हतं, पण कान काय झाकून ठेवता येतात?

"तम्मा, माझ्या वाटणीचं निम्मं पुस्तक वाचून झालं."

"काय म्हणतोय लिहिणारा?"

"जमीन मुळात कुणाची, असं विचारतोय. उत्तर द्यायला लागला आणि माझी पानंच संपली."

"उत्तर माझ्याकडं हाय, अण्णा. पण ते कशाचं उत्तर, हेच मला उमगंना."

"आप्पांचं पुस्तक फाडायला नको होतं."

"भांडी वाटली, बैल वाटले, मग पुस्तक तरी कशाला सोडायचं, असं तुमीच म्हणालात की."

"व्हय. म्हणालो."

"मग माझी पानं घेऊन येऊ का तुमच्याकडं?"

"एकमेकाच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा न्हाय, असं पंचांपुढं बोललोय आपण."

गाडीची घंटा झाली, तरी फुलाबाई गाठोडं उचलेना.

"अण्णा, सांजच्याला तुमी तुमची पानं मोठ्यानं वाचा. मग मी माझी वाचतो."

"ऐकू येईल?"

"मधली भिंत एकेरी विटेचीच हाय की."